चेंडूचा ताबा बदलला की पंच काय पाहतात?

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहणाऱ्याला एक प्रसंग हमखास बुचकळ्यात टाकतो. एक खेळाडू उंच आलेली किक झेलतो, चार-पाच जणांना चकवून पन्नास यार्ड पळतो, प्रेक्षक स्टेडियम डोक्यावर घेतात. आणि मागे, त्या पळण्याशी काही संबंध नसल्यासारखा, गवतावर पंचाने नियमभंगाची खूण म्हणून टाकलेला एक पिवळा रुमाल दिसतो. रेफरी म्हणजे मुख्य पंच माइक सुरू करतो, ‘ब्लॉक इन द बॅक’ असं काहीतरी म्हणतो आणि पन्नास यार्डांचे पाच होऊन जातात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे असल्यामुळे घरी बसलेल्याला गुन्हा दिसलेलाच नसतो.

पंचाला तो दिसला, कारण पंच चेंडू पाहत नव्हता. या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट मोकळी करून देण्यासाठी त्याचे साथीदार समोरच्यांना अंगाने, हातांनी अडवतात, तो ब्लॉक. धरायचं नाही, फक्त अडवायचं. धरलं की ते होल्डिंग, त्याला वेगळा दंड. ताबा बदलतो तो बहुतेक वेळा चार प्रकारांनी: किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) झेलली जाते, पंट (चेंडू हातातून सोडून मारलेली किक) झेलला जातो, पास प्रतिस्पर्धी मधेच पकडतो म्हणजे इंटरसेप्शन होतं, किंवा कुणाच्या हातून चेंडू सुटतो म्हणजे फंबल होतं आणि तो दुसरी टीम उचलते. त्या क्षणापासून जे वाचवत होते ते हल्ला करणारे होतात आणि उलट. खो-खोत पाटीवरची टीम बदलायला निदान डाव संपावा लागतो. इथे सत्तापालट चालू धावेतच होतो.

एरवीच्या खेळात ब्लॉक करणारे आणि अडवले जाणारे समोरासमोर, हातभर अंतरावर उभे असतात. दोघांनाही धडक येणार हे ठाऊक असतं. ताबा बदलल्यावर तसं राहत नाही. मैदान ५३⅓ यार्ड रुंद, दोन गोल लाइनमधलं अंतर १०० यार्ड, आणि बावीस माणसं पूर्ण वेगात वेगवेगळ्या दिशांना. ज्याला पकडायचं आहे त्याच्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले. म्हणजे बाजूने येणारा माणूस कुणी पाहतच नाही. त्यात पास फेकणारा क्वार्टरबॅक, पंट मारणारा किकर, लाइनवरचे अवजड गडी, असे एरवी क्वचितच कुणाला टॅकल करणारे, म्हणजे पकडून पाडणारे, लोक अचानक पाठलागाला लागलेले असतात.

याचं ठळक उदाहरण २४ नोव्हेंबर २००२ चं. टँपा बे आणि ग्रीन बे यांच्या सामन्यात टँपाच्या ब्रायन केलीने पास मधेच पकडला. टँपाचा बचावातला अवजड खेळाडू वॉरन सॅप त्या क्षणी ब्लॉक करणारा झाला. ग्रीन बेचा चॅड क्लिफ्टन चेंडूपासून बराच लांब, जवळजवळ रमतगमत चालला होता. सॅपने त्याला धावत येऊन उडवलं. क्लिफ्टनच्या कमरेच्या भागाला गंभीर दुखापत झाली, तो रुग्णालयात गेला आणि त्या मोसमात पुन्हा खेळला नाही. रुमाल पडला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. पुढे खेळापासून दूर असलेल्या, धडकेची अपेक्षा नसलेल्या खेळाडूवर असं जाणं नियमाबाहेर ठरलं. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या हाइन्स वॉर्डच्या ब्लॉकने सिनसिनाटीच्या कीथ रिव्हर्सचा जबडा मोडला. तिथे ताबा बदललेला नव्हता, पण न दिसणाऱ्या बाजूने डोक्यावर जाणाऱ्या ब्लॉकवर २००९ मध्ये बंदी आली ती त्यानंतरच.

आजचे नियम पाहिले तर पंचाच्या मनात एका ब्लॉककडे पाहताना तीन गोष्टी फिरत असतात: पहिला स्पर्श कुठून झाला, किती उंचीवर झाला, आणि ब्लॉक करणारा कुठल्या दिशेने, किती जोरात आला.

पाठीचा ब्लॉक सगळ्यात जास्त वेळा पुकारला जातो. कमरेच्या वर, मागून ढकललं तर दंड १० यार्ड. खो-खोत पाठीला हात लागला की खो मिळतो, इथे दहा यार्ड जातात. तोच मागून केलेला ब्लॉक कमरेच्या खाली झाला तर त्याला क्लिपिंग म्हणतात आणि दंड १५ यार्डांवर जातो, कारण मागून गुडघ्यावर पडलेलं वजन गुडघा वाकतो त्या दिशेला जातंच असं नाही.

पण ‘पाठ’ म्हणजे काय, इथेच खरी कसोटी. निर्णय पहिल्या स्पर्शावर होतो. ब्लॉक करणाऱ्याचं डोकं कुठे आहे, पाय कुठे आहेत, यावरून पहिला स्पर्श कुठे झाला हे ठरत नाही. बाजूने सुरू झालेला संपर्क, समोरचा पुढे सरकल्यामुळे घसरत पाठीवर गेला तर तो गुन्हा नाही. समोरच्याने धडक येतेय हे पाहून ऐन वेळी स्वतःच पाठ फिरवली तरी गुन्हा नाही. नाहीतर प्रत्येकजण पाठ फिरवून दहा यार्ड मागत सुटेल. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दोन्ही हात बाजूवर असतील तर चालतं, एक जरी पाठीवर असला तर नाही. शिवाय ढकलण्याचा समोरच्याच्या हालचालीवर परिणाम झाला पाहिजे. आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडायला किंवा मोकळ्या पडलेल्या चेंडूपर्यंत पोहोचायला निघालेल्या खेळाडूने वाटेतल्या प्रतिस्पर्ध्याला मागून बाजूला सारलं, तर त्याला सूट आहे. एकाच दृश्यात दोन जणांनी दोघांच्या पाठीत हात घातले आणि रुमाल एकासाठीच पडला, असं दिसतं ते म्हणून.

उंचीचा नियम सोपा आहे. कॉलेजात आणि एनएफएलमध्ये ताबा बदलल्यानंतर कमरेखालचा ब्लॉक कुणीच, कुणालाच करायचा नाही. १५ यार्ड. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्या पायात जाणं मात्र चालतं, कारण तो टॅकल. एनएफएलने किक परतवणाऱ्या टीमला कमरेखालचा ब्लॉक १९७९ सालीच बंद केला होता. इथेही पहिला स्पर्श महत्त्वाचा: छातीवर सुरू होऊन खाली घसरलेला ब्लॉक वैध, मांडीवर सुरू होऊन वर गेलेला अवैध.

तिसरा प्रकार म्हणजे ब्लाइंडसाइड ब्लॉक, म्हणजे ज्याला तुम्ही दिसत नाही त्याच्यावर आदळणं. एनएफएलने आणि कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने २०१९ मध्ये, तर हायस्कूलच्या नियमांनी त्याआधी २०१७ मध्येच त्याला आळा घातला. एनएफएलची व्याख्या पंचाला हाताशी धरता येण्यासारखी आहे: ब्लॉक करणारा स्वतःच्या एंड लाइनच्या (मैदानाच्या टोकाच्या रेषेच्या) दिशेने किंवा तिला समांतर जात असेल आणि हेल्मेट, खांदा किंवा हाताच्या पुढच्या भागाने जोरात आदळला, तर १५ यार्ड. म्हणजे पंचाला समोरच्याने पाहिलं की नाही हे मनकवड्यासारखं ओळखायची गरज नाही. ब्लॉक करणाऱ्याची वाट पाहिली की पुरे. हायस्कूलमध्ये ब्लॉकची सुरुवात उघड्या तळव्यांनी झाली असेल तर तो चालतो. आडवं उभं राहून वाट अडवणं तर सगळीकडेच चालतं, आणि खरं सांगायचं तर पळणाऱ्याला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. मागे वळून पाठलाग करणारा एक पाऊल जरी वळसा घालून गेला तरी काम झालेलं असतं. त्याला आडवा पाडायची हौस वेगळी.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या मैदानावर असतात आणि रविवारी टीव्हीवर एनएफएल पाहतात. दोन्हीकडे दृश्य एकच आणि निर्णय वेगळा, याने गोंधळ होणं स्वाभाविक आहे. नियमांची पुस्तकं तीन आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी स्टँडमधली अर्धी भांडणं टळतात.

पंचांनी मैदान कसं वाटून घेतलेलं असतं?

एनएफएलमध्ये सात पंच, मोठ्या कॉलेज सामन्यांत आठ, हायस्कूलमध्ये बऱ्याचदा पाच. पंटच्या वेळी काही पंच खोलवर, किक झेलणाऱ्याच्या आसपास आणि दोन्ही साइडलाइनवर असतात. दोघे स्क्रिमेज लाइनच्या, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या, टोकांना. रेफरी किकरच्या जवळ.

चेंडू झेलला गेला की सगळ्यांनी मिळून पळणाऱ्याकडे पाहायचं नसतं. तो ज्याच्या भागात आहे तो एक पंच त्याच्याबरोबर राहतो, कारण गुडघा कुठे टेकला, पाय रेषेबाहेर कुठे गेला हे त्यालाच सांगायचं असतं. त्याच बाजूचा दुसरा पंच पळणाऱ्याच्या पुढे दहा-पंधरा यार्डांत जे ब्लॉक होणार आहेत ते पाहतो. पलीकडच्या बाजूचा पंच मागे राहिलेल्यांवर नजर ठेवतो. चेंडू निघून गेल्यावर जुने हिशेब चुकते केले जातात ते तिथेच. आणि रेफरी पंटनंतर किकरबरोबर, इंटरसेप्शननंतर क्वार्टरबॅकबरोबर राहतो. एनएफएलमध्ये ताबा बदलल्यानंतर क्वार्टरबॅकला आणि रिटर्न (चेंडू मिळवून उलट पळणं) चालू असताना किकरला ‘असुरक्षित खेळाडू’ मानतात: त्यांच्या डोक्यावर, मानेवर आघात चालत नाही. कॉलेजात असा आघात ‘टार्गेटिंग’ ठरला तर १५ यार्डांबरोबर खेळाडू बाहेरही जातो, आणि शंका असेल तर गुन्हा मानावा असं त्यांचं पुस्तकच सांगतं.

ब्लॉक पाहण्याची रीत अशी: पळणारा कुठे वळणार याचा अंदाज घ्यायचा, त्याच्या वाटेवरची पुढची जोडी शोधायची आणि ती एकमेकांना भिडण्याच्या आधीपासून तिच्यावर नजर ठेवायची. ब्लॉक संपेपर्यंत तिथेच, मग पुढची जोडी. उभं राहायचं ते बाजूने, दोघांच्या मधली फट दिसेल असं. दोघे पंचाच्या सरळ रेषेत एकामागे एक आले की फट नाहीशी होते आणि हात बाजूवर होता की पाठीवर हे सांगता येत नाही. फार जवळ पळत जाण्यातही तोटाच आहे. पंधरा यार्डांवर थांबलेल्या डोळ्यांना धावत्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं.

चुका होतात त्या बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, पंच चेंडूकडे पाहायला लागतो. माणूसच तो, पन्नास यार्डांची धाव त्यालाही बघावीशी वाटते. मग नजर परत येते तेव्हा एकजण तोंडावर पडलेला असतो आणि त्याच्या मागे दुसरा उभा असतो, आणि हात आपोआप रुमालाकडे जातो. तोंडावर पडणं ही खूण आहे, पुरावा नाही; पाय अडखळूनही माणूस तोंडावरच पडतो. सुरुवात पाहिली नसेल तर रुमाल टाकायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि तरीही मोडलं जातं. दुसरं कारण उलटं: पळणाऱ्यापासून तीस यार्ड मागे, कशावरही परिणाम न करणारा हलका धक्का पुकारून आख्खी धाव पुसून टाकणं. अनुभवी पंच तिथे रुमाल खिशात ठेवतात आणि जाता जाता त्या खेळाडूला दोन शब्द ऐकवतात. ही सवलत सुरक्षिततेच्या गुन्ह्यांना नाही. कमरेखालचा, ब्लाइंडसाइड किंवा डोक्यावरचा ब्लॉक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झाला तरी रुमाल पडतोच.

रुमाल कुठे पडला?

गुन्हा कोणता यापेक्षा तो कुठे घडला याने जास्त नुकसान होतं. साधारण तत्त्व असं: धाव जिथे संपली ती मूळ जागा. चेंडू असलेल्या टीमने त्या जागेच्या मागे गुन्हा केला तर दंड गुन्ह्याच्या जागेवरून. पुढे केला तर धाव संपली तिथून.

समजा, खेळाडूने पंट स्वतःच्या ३० यार्ड रेषेवर (या रेषा आपापल्या गोल लाइनपासून मोजतात) झेलला आणि समोरच्यांच्या २० पर्यंत पळाला. पन्नास यार्ड. पण त्याच्या साथीदाराने स्वतःच्या ४५ वर एकाला मागून ढकललं. दंड ४५ वरून मागे दहा, म्हणजे चेंडू ३५ वर. पन्नासाचे पाच झाले ते असे. आता तोच खेळाडू ४० वरच पकडला गेला आणि ढकलणं ४८ वर, त्याच्या पुढे झालं असेल, तर दंड ४० वरून, चेंडू ३० वर. म्हणून रुमाल नुसता हवेत भिरकावून भागत नाही, तो गुन्ह्याच्या यार्ड रेषेवर पडावा लागतो. नाही पडला तर पंच नंतर उचलून योग्य रेषेवर ठेवतो. दंड गोल लाइनपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून मोठा असेल तर निम्मंच अंतर मोजतात.

पंटमध्ये आणखी एक गुंता आहे. चेंडू हवेत असताना ताबा अजून बदललेलाच नसतो. कागदोपत्री तो किक मारणाऱ्या टीमचा असतो. मग झेलणाऱ्या टीमने त्या तीन-चार सेकंदांत ब्लॉकचा गुन्हा केला तर? जुन्या सरळ हिशेबाने डाव मागच्या जागेवर गेला असता. चौथा डाउन (चारांतली शेवटची संधी), अजून आठ यार्ड गाठायचे बाकी, चेंडू किक मारणाऱ्यांच्या ३० वर. दहा यार्ड दंड देऊन चेंडू ४० वर आणि त्यांना नवे चार डाउन. एका धक्क्यासाठी चेंडूच गेला, ही शिक्षा अतीच होती. म्हणून पंटसाठी वेगळी तरतूद आहे: किकने स्क्रिमेज लाइन ओलांडली, गुन्हा किक संपण्याआधी लाइनच्या पलीकडे झाला आणि पुढचा डाव झेलणारी टीमच खेळणार असेल, तर किक जिथे संपली ती मूळ जागा धरायची. किक २५ वर झेलली, गुन्हा ४० वर झाला, तर कॉलेज आणि हायस्कूलच्या हिशेबाने दंड २५ वरून आणि चेंडू १५ वर. रिटर्न ३७ पर्यंत गेला असला तरी तो पुसला गेला.

यासाठी पंचाला दोन गोष्टी एकदम ठाऊक हव्यात: ढकललं तेव्हा चेंडू हवेत होता की हातात, आणि झेलला कुठे. खोलवरचा पंच झेल होताच कमरेची दाण्यांनी भरलेली छोटी पिशवी त्या रेषेवर टाकतो ती याचसाठी. ती दंडाची खूण नाही, नुसती जागा राखून ठेवणं आहे. नवखे प्रेक्षक तिला दुसरा रुमाल समजतात.

झेलणाऱ्यांची एक लहानशी पळवाटही बंद केलेली आहे. हात हलवून फेअर कॅचची खूण केलेल्या खेळाडूला धडक द्यायची नसते. मग त्याने त्या संरक्षणाचा फायदा घेऊन स्वतःच ब्लॉक करत सुटू नये, म्हणून चेंडूला कुणाचा तरी स्पर्श होईपर्यंत त्याला ब्लॉक करायची मनाई आहे.

दोन्ही टीमचे गुन्हे झाले तर एरवी फिटंफाट होते आणि डाव पुन्हा खेळतात. ताबा बदललेला असेल तर मात्र ‘स्वच्छ हात’ पाहतात. समजा आक्रमण करणाऱ्यांनी होल्डिंग केलं, त्यांचा पास इंटरसेप्ट झाला आणि रिटर्नमध्ये पकडणाऱ्यांनी पाठीचा ब्लॉक केला. फिटंफाट केली तर चेंडू पुन्हा आधीच्यांकडे जाईल. पण पकडणाऱ्यांनी चेंडू मिळवला तेव्हा त्यांच्या नावावर काही नव्हतं, म्हणून ते फिटंफाट नाकारतात, आपले दहा यार्ड भरतात आणि चेंडू ठेवतात. त्यांचाच गुन्हा इंटरसेप्शनच्या आधीचा असता, समजा ऑफसाइड (डाव सुरू होण्याआधीच रेषा ओलांडणं), तर ही मुभा नाही. म्हणजे पंचाने गुन्हा ताबा बदलण्याआधी की नंतर हे चुकीचं सांगितलं, तर चेंडू चुकीच्या टीमला जातो.

हे सगळं एकाच धावेत किती बिघडू शकतं हे ३१ ऑक्टोबर २०१५ ला मायामी आणि ड्यूक या कॉलेजांच्या सामन्यात दिसलं. सहा सेकंद उरलेले, ड्यूक २७-२४ पुढे. शेवटची किकऑफ मायामीने झेलली आणि चेंडू आठ वेळा मागे-बाजूला फेकत, मैदानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेत शेवटी गोल लाइनपार जाऊन टचडाउन केला. अशा धावेत पंचांची वाटणी टिकतच नाही: पळणारा दर दोन सेकंदांनी बदलतो, ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांचे अर्थ बदलतात, आणि मघाशी मागे राहिलेल्यांचा असलेला कोपरा आता मुख्य वाटेवर येतो. पाठीच्या ब्लॉकसाठी एक रुमाल पडला. पंचांनी आपसांत बोलून ब्लॉक बाजूने होता असं जाहीर केलं आणि रुमाल उचलला. टचडाउन मान्य, मायामी ३०-२७ ने विजयी.

दुसऱ्या दिवशी या कॉलेजांच्या लीगने, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, चार चुका कबूल केल्या आणि मैदानावरच्या व रिप्लेच्या पंचांना दोन सामन्यांसाठी निलंबित केलं. एका खेळाडूचा गुडघा चेंडू सोडण्याआधी टेकला होता, ही चूक सर्वांत जास्त गाजली. पण यादीत आणखी एक होती: मायामीच्या १६ यार्ड रेषेवरचा पाठीचा ब्लॉक, ज्यावर रुमाल पडायला हवा होता. तो पडला असता तर दंड १६ च्या निम्मा, म्हणजे आठ यार्ड. चेंडू मायामीच्या ८ वर, आणि वेळ संपलेली असली तरी मायामीला आणखी एक डाव, समोर ९२ यार्ड. निकाल मात्र बदलला नाही. तशी तरतूदच नियमांत नाही.